दुपारच्या उन्हात ड्रोनचा पडदा: विकतचा हूड, शिवून घेतलेला हूड आणि सदऱ्याचा रंग

गेल्या मे महिन्यात गंगाखेड रस्त्यालगतच्या एका शेततळ्याचे ड्रोनने चित्रीकरण करताना, ज्याने ड्रोन चालवतो त्या हातातल्या कंट्रोलरच्या पडद्यावर मला ना पाणी दिसत होते, ना बांध. दिसत होती ती माझ्याच पांढऱ्या सदऱ्याची वरून दुसरी गुंडी, तिच्यातून सुटलेल्या धाग्यासकट. दुपारचे बारा वाजून गेले होते, ड्रोन 80 मीटर उंचीवर होता आणि पडद्याची प्रखरता आधीच शेवटच्या टोकाला नेलेली होती. चित्र अंधारे दिसते म्हणून मी एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, वाढवत गेलो आणि घरी येऊन संगणकावर पाहिले तेव्हा चित्रीकरणाच्या सहापैकी चार तुकडे पांढरेफटक निघाले. शेतमालकांची माफी मागून दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा जावे लागले. त्यानंतर वर्षभरात या चकाकीवर उपाय म्हणून मी काही वस्तू विकत घेतल्या, एक शिवून घेतली, आणि परभणी व हिंगोली जिल्ह्यांतल्या कामांवर त्या वापरल्या. हे परीक्षण त्या वस्तूंचे आहे.

पहिली वस्तू म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या एका फोटो साहित्याच्या दुकानातून 850 रुपयांना आणलेला घडीचा हूड, म्हणजे पडद्याभोवती लावायचा उन्हाचा आडोसा. प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांवर काळे नायलॉन चढवलेले, वर एक आणि बाजूंना दोन अशा तीन भिंती, खोली सुमारे 9 सेंटिमीटर, आणि कंट्रोलरच्या कडेला चिकटवायचे वेल्क्रोचे चार तुकडे, असे त्याचे स्वरूप आहे. सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर तो चांगले काम देतो, परंतु त्या वेळी सूर्याकडे पाठ करून उभे राहिले तर आपल्याच सावलीत पडदा येतो आणि हूडची फारशी गरज उरत नाही. खरी परीक्षा भर दुपारची. आपल्याकडे मेच्या मध्यावर सव्वाबाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर येतो, माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते, आणि तेव्हा पाठ कोणत्याही दिशेला केली तरी फरक पडत नाही. अशा वेळी या हूडने वरचे आकाश अडवले, बाजूचा उजेड अडवला, पण समोरचा माणूस अडवला नाही. आणि पडद्यासमोरचा माणूस म्हणजे मीच.

हे नेमके काय घडते ते आकड्यांत मांडले की पुढच्या सगळ्या खरेदीचा हिशेब सोपा होतो. निरभ्र दुपारी सूर्याचा प्रकाश सुमारे 1,00,000 लक्स असतो (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप). स्वच्छ पांढरे कापड त्यातला साधारण 80 टक्के प्रकाश परत फेकते, म्हणजे पूर्ण ऊन पडलेल्या त्या कापडाची प्रखरता 25,000 निट्सच्या घरात जाते (निट्स हे पृष्ठभागावरून डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाचे माप). साधी काच समोरून आलेल्या प्रकाशातला सुमारे 4 टक्के भाग आरशासारखा परतवते, त्यामुळे पडद्यावर पांढऱ्या सदऱ्याचे जे प्रतिबिंब पडते तेच 1,000 निट्सचे असते. माझ्या कंट्रोलरचा पडदा जास्तीत जास्त 700 निट्सचा आहे. म्हणजे चित्रापेक्षा सदरा अधिक उजळ. मग गुंडी दिसली यात नवल ते काय! याउलट जेमतेम 5 टक्के प्रकाश परतवणारे काळे कापड घातले तर हेच प्रतिबिंब 60-65 निट्सवर येते आणि चित्र सुखाने दिसते. पडद्याची प्रखरता दुप्पट करण्यासाठी जेथे लाखाच्या भाषेत बोलावे लागते, तेथे सदरा बदलल्याने सोळापटीचा फरक पडतो, ही गोष्ट मला एकाही दुकानदाराने सांगितली नाही, आणि त्यांनी ती का सांगावी हाही प्रश्नच आहे.

विकतच्या हूडची दुसरी अडचण उष्णतेची. बहुतेक कंट्रोलरांची वापराची मर्यादा 40 अंश सेल्सिअस दिलेली असते आणि आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतच पारा ती ओलांडतो. काळ्या नायलॉनचा हूड बाहेरूनही काळाच असल्याने तो ऊन पितो आणि आतली गरम हवा पडद्यावरच कोंडून धरतो. मोबाइल बसवायच्या कंट्रोलरवर तर हा उपाय उलटा पडू शकतो, कारण मोबाइल तापला की स्वतःच्या बचावासाठी पडद्याची प्रखरता आपोआप कमी करतो. चकाकी घालवायला लावलेल्या हूडनेच पडदा काळवंडतो. माझ्या वेल्क्रोच्या तुकड्यांचा डिंक तिसऱ्याच कामावर सुटला आणि त्याचा चिकट थर बोटांवरून जॉयस्टिकपर्यंत पोहोचला. एका परिचितांनी चुंबकाने चिकटणारा हूड घेतला होता. त्याने डिंकाचा प्रश्न सुटला, पण त्यांच्या मोबाइलमधले होकायंत्र बिथरले आणि नकाशावर चालकाचा बाण भलतीकडेच तोंड करून बसू लागला.

म्हणून दुसरा हूड मी परभणीतच, मोटारसायकलच्या सीटची कव्हरे शिवणाऱ्या एका कारागिरांकडून शिवून घेतला. बाहेरून पांढरे रेक्झिन, मध्ये 5 मिलिमीटरचा फोम आणि आतून काळी मखमल, अशी माझी मागणी ऐकून ते म्हणाले, “आतून काळं अन् बाहेरून पांढरं? लोक तर उलटं मागतात, मळ दिसू नये म्हणून.” बाहेरचा पांढरा रंग ऊन परतवण्यासाठी आणि आतली मखमल उजेड गिळण्यासाठी आहे, हे पटल्यावर मात्र त्यांनी माझ्यापेक्षा अधिक डोके चालवले. वेल्क्रो नको, असे सांगून त्यांनी कंट्रोलरच्या मापाचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा लावला, तो अँटेनांवरून जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना खाचा ठेवल्या, मागची हवा जाण्याची जाळी मोकळी सोडली, आणि मी न सांगता खालच्या बाजूलाही चार बोटांची झडप जोडली, जिने छातीचे प्रतिबिंब अर्ध्याहून अधिक अडते. मजुरी आणि सामान धरून 300 रुपये झाले आणि दोन दिवस लागले. खोली 15 सेंटिमीटर ठेवल्यामुळे आत डोकावून पाहावे लागते, पण भर दुपारीही गव्हाच्या कापलेल्या रानातला पाण्याचा पाट स्पष्ट दिसतो, इतका फरक आहे. दोष सांगायचा तर वाऱ्याचा. एप्रिलमध्ये दुपारी वावटळ उठली की एवढा मोठा हूड शिडासारखा भरतो आणि कंट्रोलर मनगटातून फिरू लागतो. गळ्यातला पट्टा लावल्याशिवाय मी तो वापरत नाही. दोन उड्डाणांच्या मध्ये तो काढून कंट्रोलर लिंबाच्या सावलीत ठेवतो, कारण फोम कितीही चांगला असला तरी कोंडलेली हवा ती कोंडलेलीच.

पडद्यावर चिकटवायच्या काचांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. मॅट काचेने प्रतिबिंबाच्या कडा विरघळतात आणि ढगाळ दिवशी ते डोळ्यांना बरे वाटते, पण थेट ऊन पडले की तोच खरखरीत पृष्ठभाग सगळा प्रकाश पसरवतो आणि पूर्ण पडद्यावर दुधाचा हात फिरवल्यासारखे होते. शिवाय बॅटरीचे बारीक आकडे पुसट होतात. परावर्तनविरोधी लेप दिलेली काच तत्त्वतः उजवी आहे, कारण ती परत फेकला जाणारा प्रकाश मुळातच कमी करते, मात्र घामेजलेल्या बोटाचा एक ठसा तिच्यावर निळसर डागासारखा उठून दिसतो. सर्वांत वाईट म्हणजे मोबाइलच्या टपऱ्यांवर मिळणारी, फक्त कडेने डिंक असलेली टेम्पर्ड ग्लास. तिच्या आणि पडद्याच्या मध्ये हवेचा पातळ थर राहतो, त्यामुळे एकाऐवजी तीन पृष्ठभाग प्रत्येकी 4 टक्के प्रकाश परत फेकतात आणि चकाकी जवळजवळ तिप्पट होते. माझ्या कंट्रोलरवर ती पहिल्या दिवसापासून होती. ती काढून टाकण्याला एक पैसाही लागला नाही आणि 850 रुपयांच्या हूडइतकाच फायदा झाला.

गॉगलविषयी एवढेच, की पोलराइज्ड गॉगल घालून ड्रोन उडवू नये. पडद्यातून येणारा प्रकाश एकाच दिशेने ध्रुवित असतो, त्यामुळे मान किंवा कंट्रोलर विशिष्ट कोनात कलला की पडदा चक्क काळा दिसतो, आणि उड्डाण चालू असताना तो अनुभव छातीत धस्स करणारा असतो. साधा गडद गॉगल चालतो.

मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीचा येथे वेगळा उल्लेख करायला हवा. नांगरलेले काळे रान वरून टिपताना मूळ चित्रच अंधारे असते, आणि प्रतिबिंब सर्वांत आधी चित्राचा अंधारा भाग खाते. ज्वारीच्या कडब्याच्या गंजीवर ड्रोन असेल तर तोच पडदा त्याच उन्हात नीट वाचता येतो, आणि दहा पावलांवरच्या कापसाच्या रिकाम्या रानावर आला की आंधळा होतो. जूनमधल्या पेरणीआधीच्या रानांची कामे घेणाऱ्यांनी हूड कितीही चांगला असला तरी एक्सपोजर डोळ्यांनी ठरवू नये. हिस्टोग्राम, म्हणजे चित्रात उजळ-अंधारे किती आहे ते दाखवणारा आलेख, आणि जास्त उजळ भागावर उमटणाऱ्या झेब्रा पट्ट्या चालू ठेवाव्यात. पडदा अंधारा असला तरी हिस्टोग्राम खोटे बोलत नाही, हे त्या चार वाया गेलेल्या तुकड्यांनी मला शिकवले.

खोल हूडचा एक धोका मात्र कोणत्याच उपायाने टळत नाही, तो म्हणजे डोके आत गेले की आकाशावरची नजर सुटते. ड्रोन तर नजरेच्या टप्प्यात ठेवून उडवायचा असतो. माझ्याबरोबर भाचा येतो, आणि त्याने पहिल्याच दिवशी सुनावले होते, “मामा, तुमचं डोकं टोपीत गेलं की वर घार आली तरी तुम्हाला पत्ता नाही.” घारीने झडप घातल्याचे प्रसंग या धंद्यात सगळ्यांनाच ठाऊक आहेत, तेव्हा एकट्याने काम करणाऱ्याने 15 सेंटिमीटर खोलीचा हूड घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. त्याने उथळ हूड घ्यावा आणि थोडी चकाकी सोसावी.

मुळातच उजळ पडद्याचा कंट्रोलर घ्यावा का, असेही मला विचारले जाते. डीजेआय या ड्रोन कंपनीच्या आरसी प्लससारख्या व्यावसायिक कंट्रोलरचा 7 इंची पडदा 1,200 निट्सचा आहे आणि सर्वेक्षणाच्या कामात दिवसभर उन्हात उभे राहणाऱ्यांना त्याचा निश्चित उपयोग होतो. लग्ने आणि शेताची छोटी कामे करणाऱ्याने वर दिलेला पांढऱ्या सदऱ्याचा आकडा पुन्हा एकदा पाहावा आणि मग ठरवावे.

राहिला सदऱ्याचा प्रश्न. शेतावर मी आता काळा टी-शर्ट घालतो आणि उकाडा सहन करतो, पण लग्नात ते चालत नाही. सेलूजवळच्या एका लग्नात मी काळा सदरा घालून मांडवाबाहेर उभा राहिलो, तेव्हा नवरदेवाच्या आजींनी मला बोलावून घेतले आणि शुभकार्यात हा रंग कशाला, असे सगळ्यांसमक्ष विचारले. निट्सचा हिशेब तेथे सांगण्यासारखा नव्हता. त्यांनी आतून कोणाचा तरी पांढराशुभ्र सदरा आणवला आणि मी तो घालून वरातीचे चित्रीकरण केले, हूडची खालची झडप हनुवटीने दाबून धरत. आता लग्नाच्या हंगामासाठी गडद निळ्या रंगाचे दोन सदरे शिवून घेतले आहेत. काळ्याच्या तुलनेत ते थोडे कमी पडतात, पण पडद्यावर गुंडी दिसत नाही आणि आजींचीही हरकत नसते.