शॉपिंग कार्ट बदलून अकरा महिने झाले, आता लिहितो

लिहायचं लिहायचं म्हणत राहून गेलं, आज जमतंय. आमचं बॅगा आणि पाउचचं ऑनलाइन दुकान आहे, दोघंच चालवतो, बायको माल आणि फोटो बघते, मी वेबसाइट आणि ऑर्डरी. आधी दीड वर्ष दरमहा भाडं घेणाऱ्या एका प्लॅटफॉर्मवर होतो (नाव घेत नाही, उगाच वाद नको), आणि गेले अकरा महिने वूकॉमर्सवर (वर्डप्रेसच्या साइटला दुकान जोडणारा प्लगिन, म्हणजे वरून बसवायचं सॉफ्टवेअर). म्हणजे दोन्हीकडे हात पोळून झालेत.

पहिला प्लॅटफॉर्म निवडताना मी काय केलं, तर थीम बघितल्या. तीन रात्री नुसत्या थीम. बॅनर सरकतो का, फोटोवर माऊस नेला की दुसरा फोटो येतो का, असली मजा. चेकआउट मात्र एकदाही शेवटपर्यंत करून बघितलं नाही, आणि पैसे तर गिऱ्हाईक तिथेच भरतं ना! बेमार्ड इन्स्टिट्यूट ही ऑनलाइन खरेदीवर संशोधन करणारी संस्था कार्ट अर्धवट सोडणाऱ्यांवरचे वेगवेगळे अभ्यास एकत्र करून सरासरी काढते, ती 70 टक्क्यांच्या आसपास आहे. दहा जणांनी माल कार्टात टाकला तर सात जण तसेच जातात. त्यातले बरेच नुसते बघे असतात हे मान्य, पण शेवटच्या पानावर अचानक वाढलेला डिलिव्हरी चार्ज आणि अकाउंट उघडायची सक्ती ही पळून जायची नेहमीची कारणं. आमच्याकडे दोन्ही होती, आणि आमच्या प्लॅनमध्ये त्या पानाला हातच लावता येत नव्हता.

तरी त्याचं एवढं दुखलं नाही. खरा दणका रिफंडने दिला. समजा एकाने तीन बॅगा घेतल्या, पूर्ण ऑर्डरवर 10 टक्क्यांचं कूपन लावलं, आणि एक बॅग परत पाठवली. आता त्या बॅगेचे किती परत करायचे? सरळ आहे, कूपन वजा करून जेवढे त्याने भरले तेवढे. पण रिफंडच्या स्क्रीनवर आधीच भरून आलेला आकडा बॅगेच्या पूर्ण किमतीचा असायचा, आणि मी बघून न बघितल्यासारखं बटण दाबत होतो. दोन महिने! बायको हिशेब जुळवायला बसली तेव्हा म्हणाली, अरे आपण लोकांना माल परत करायचे वर पैसे देतोय का. सपोर्टला विचारलं तर उत्तर आलं की आकडा हाताने बदलता येतो. येतो हो, पण मग कॅल्क्युलेटर घेऊन बसायचं तर सॉफ्टवेअर कशाला घ्यायचं.

मग शोधाशोध. शॉपिफाय बघितलं, तेही दरमहा भाड्याचं, चांगलं आहे, सर्व्हर-बिर्व्हरची कटकट नाही, एकटा माणूस असाल आणि वेबसाइटच्या पोटात शिरायचं नसेल तर मी आजही तेच सांगेन. त्यांचं स्वतःचं पेमेंट न वापरता बाहेरचा गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) जोडला तर प्रत्येक विक्रीवर वेगळी फी लागते, हे मात्र आधी वाचून घ्या. आमचं अडलं ते व्हेरियंटवर, म्हणजे एकाच वस्तूच्या साइज-रंगाच्या वेगवेगळ्या जोड्यांवर. आमची एक बॅग 6 साइज, 8 रंग, 3 प्रकारचे पट्टे, गुणाकार करा, 144. तिथे कित्येक वर्षं एका प्रॉडक्टला 100 व्हेरियंटची मर्यादा होती, 2025 मध्ये ती 2048 वर नेली, पण आम्ही ठरवलं तेव्हा आमच्यासाठी 100 च होती. ऑप्शन अजूनही तीनच, म्हणजे उद्या चौथा ऑप्शन म्हणून अस्तराचं कापड निवडायला द्यायचं म्हटलं तर वेगळं ॲप घेणं आलंच.

एकाने मॅजेंटो सुचवलं, मोठ्या दुकानांसाठीचं सॉफ्टवेअर. दोन माणसांच्या दुकानाला ते म्हणजे चिमणी मारायला तोफ. शिवाय जून 2020 मध्ये मॅजेंटो 1 चा सपोर्ट बंद झाला तेव्हा 2 वर जायचं म्हणजे नुसतं अपडेट नव्हतं, जवळजवळ दुकान नव्याने बांधायचं काम होतं, हे वाचलं आणि तो विषय मिटला.

वूकॉमर्स 2011 चं, जिगोशॉप नावाच्या दुसऱ्या प्लगिनच्या कोडवरून निघालेलं, 2015 पासून ऑटोमॅटिक नावाच्या कंपनीकडे. डेटा आपल्या सर्व्हरवर राहतो हे मला भावलं. फुकट आहे म्हणून घेऊ नका पण. होस्टिंग, बॅकअप, दरवर्षी रिन्यू होणारे प्लगिन, आणि तुमच्या रविवारचे तास, हे सगळं धरा आणि मग तुलना करा. आमचा महिन्याचा खर्च कमी झाला, पण अर्धाही नाही झाला.

सामान हलवताना काय आलं नाही ते सांगतो. गिऱ्हाइकांचे पासवर्ड येत नाहीत, सगळ्यांना नवीन करायला सांगावे लागतात, आम्ही ते मेल पाठवायला उशीर केला आणि आठवडाभर फोन घेत बसलो. जुन्या लिंका बदलतात, प्रत्येकीला 301 (जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवणारी खूण) लावावा लागतो, नाहीतर गुगलवरून आलेला माणूस रिकाम्या पानावर आपटतो. ऑर्डरींची सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी फाइल) निघाली पण एका ऑर्डरमध्ये तीन वस्तू असतील तर तीन ओळी, आणि डिलिव्हरी चार्ज फक्त पहिल्या ओळीत. ती जुळवताना माझे दोन शनिवार गेले.

आणि मग माझा स्वतःचा पराक्रम. साइट हळू वाटते म्हणून एका रात्री कॅश प्लगिन टाकला (तयार पानं साठवून तीच पटकन दाखवणारा), साइट सुसाट, मी खुश होऊन झोपलो. सकाळी एका बाईंचा फोन, "मी लाल पाउच टाकलाच नाही, माझ्या कार्टात आला कुठून?" दुसऱ्या कुणाचंतरी कार्टचं पान साठवून तेच हिला दाखवलं जात होतं. कार्ट, चेकआउट आणि माय अकाउंट ही पानं कॅशमधून वगळायची असतात, हा पहिला नियम आहे आणि मी तो पाळला नव्हता. पत्ता-फोन दिसला नाही हे नशीब.

चेकआउटचंही एक. वूकॉमर्सच्या नोव्हेंबर 2023 च्या 8.3 आवृत्तीपासून नव्या दुकानाला ब्लॉकवालं (तुकडे जोडून बनवलेलं, नव्या पद्धतीचं) चेकआउट आपोआप मिळतं, दिसायला छान, पण आमचा भेटीवर चिठ्ठी लिहायचा प्लगिन जुन्या पद्धतीच्या पानासाठी लिहिलेला, त्यामुळे चिठ्ठीची चौकट गायब. एरर नाही, काही नाही, नुसती गायब. जुन्या पद्धतीच्या, शॉर्टकोडवाल्या चेकआउटवर परत आलो. प्लगिन घेताना ब्लॉकवर चालतो का हे आधी विचारा.

स्टॉक धरून ठेवायची वेळही सेटिंगमध्ये बघा, मुळात 60 मिनिटं असते. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर ऑर्डर रद्द होऊन माल परत विक्रीला. एकाचे पैसे गेटवेवर अडकले, तासाने मोकळे झाले, तोवर शेवटचा पीस दुसऱ्याने नेला. आता एकेकटे पीस असतील तर बायको रोज सकाळी पेंडिंग ऑर्डरी डोळ्याखालून घालते.

रिफंड? तो मात्र नीट झालाय. कूपन प्रत्येक वस्तूवर वाटून लावलं जातं आणि ऑर्डरमध्ये वस्तूचा सूट वजा केलेला आकडाच समोर असतो. नवीन कुठलंही बघायचं झालं तर मी आता ट्रायल घेऊन पहिल्या तासात हेच करतो, कूपन लावून तीन वस्तू घ्यायच्या, एक परत करायची, एक ऑर्डर अर्धवट सोडायची, आणि मग सगळ्या ऑर्डरी एक्सपोर्ट करून फाइल उघडून बघायची. थीम नंतर.

जुन्या प्लॅटफॉर्मचं अकाउंट अजून चालूच आहे बरं का, सगळ्यात छोट्या प्लॅनवर. तिथली बिलं एकदम डाउनलोड होत नाहीत, एकेक उघडून पीडीएफ काढावी लागते. कंटाळा करत करत अर्ध्यापर्यंत आलोय.