व्हेक्टर, व्हेडर डाउन की बाउंटी हंटर्स? स्टार वॉर्सचा कोणता क्रॉसओव्हर आधी घ्यावा

सप्ताहात वीणा खाली टेकवत नाहीत. एकाचा पहारा संपला की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. क्रॉसओव्हर म्हणजे अनेक कॉमिक मालिकांतून फिरणारी एकच कथा, आणि २००८ सालचा ‘व्हेक्टर’ तसाच चालतो. डार्क हॉर्स या प्रकाशकाच्या तेव्हाच्या चार स्टार वॉर्स मालिका, चौघींचा काळ निराळा, आणि त्यांतून फिरणारं एकच पात्र : सेलेस्ट मॉर्न ही जेडाय (स्टार वॉर्समधली योद्धा-संन्यासी) आणि तिच्या गळ्यातला म्यूरचा ताईत. हा ताईत माणसाचा रॅकघूल नावाचा राक्षस करतो.

अंक एकूण १२. नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २५ ते २८, डार्क टाइम्स ११-१२, रिबेलियन १५-१६, लेगसी २८ ते ३१. पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत सुमारे चार हजार वर्षं जातात. उलटसुलट वाचलं तर मजाच संपली, कारण सेलेस्ट कुठे बंद झाली हे आधी कळलं नसेल तर डार्क टाइम्समध्ये खलनायक डार्थ व्हेडर तिला बाहेर काढतो त्या प्रसंगाला वजनच येत नाही.

पहिले चार अंक सगळ्यांत घट्ट आहेत. जॉन जॅक्सन मिलरने ती मालिका पहिल्यापासून एकट्याने लिहिली आणि ते जाणवतं. रिबेलियनचे दोन अंक मात्र पुलासारखे, नुसते ओलांडायचे. चित्रपटांतल्या ल्यूक-लेयाला काही होणार नाही हे आपल्याला आधीच ठाऊक, मग धाकधूक कसली? लेगसीत पुन्हा जोर येतो, पण अडचणही तिथेच आहे : केड स्कायवॉकर कोण आणि डार्थ क्रेटवर सगळ्यांचा एवढा राग का, हे आधीच्या २७ अंकांत आहे. ते न वाचता गेलात तर कीर्तनात उत्तररंगाला पोचल्यासारखं होईल.

‘वॉर ऑफ द बाउंटी हंटर्स’ (२०२१, मार्व्हल) म्हणजे पैठणची नाथषष्ठी. दिंड्या आपापल्या वाटेने येतात आणि गर्दी एका ठिकाणी होते. इनामासाठी माणसं पकडणारा बाउंटी हंटर बोबा फेट कार्बोनाइट या धातूत गोठलेल्या हान सोलोला गुंडांचा सरदार जॅबाकडे घेऊन निघतो, वाटेत माल चोरीला जातो, पुढे त्याचा लिलाव. चार्ल्स सोलची मुख्य कथा ‘अल्फा’ हा सुरुवातीचा अंक धरून सहा अंकांची, त्याभोवती चार मालिकांचे सहा-सहा आणि चार सुटे अंक, मिळून ३४. एवढे सगळे घेऊ नका. मुख्य सहा आणि सोलचेच स्टार वॉर्स १३ ते १८ वाचले की गोष्ट पुरी कळते. तिसरी भर घालायचीच तर डार्थ व्हेडर १२ ते १७.

‘व्हेडर डाउन’ (२०१५-१६) सगळ्यांत लहान : एक स्वतंत्र अंक, स्टार वॉर्स १३-१४, डार्थ व्हेडर १३ ते १५. सहाही अंक एकाच पुस्तकात आहेत. व्हेडरचं विमान व्रोगास व्हास ग्रहावर कोसळतं, भोवती बंडखोरांची फौज, आणि पळण्याची पाळी फौजेवर. फक्त पहिला, १९७७चा चित्रपट पाहिलेला असला तरी चालतं. डॉक्टर आफ्रा आणि तिचे दोन खुनशी रोबो हळूहळू ओळखीचे होतात. नवख्याने हाच आधी घ्यावा. माइक डिओडाटोची आडवी दुपानी चित्रं मोबाइलवर चुरगळल्यासारखी दिसतात, तेव्हा टॅबलेट किंवा छापील प्रतच बरी.

आता खरेदी. नांदेड, परभणी, लातूरला ही पुस्तकं दुकानाच्या फळीवर सापडतील अशी आशा ठेवू नये, ऑनलाइनच मागवावी लागतात. व्हेक्टरचे मूळ दोन खंड आहेत : पहिल्यात नाइट्स आणि डार्क टाइम्स, दुसऱ्यात रिबेलियन आणि लेगसी. डार्क हॉर्सकडून हक्क गेल्यावर जुन्या आवृत्तीच्या प्रती हुडकाव्या लागतात, म्हणून दोन्ही खंड एकाच वेळी उपलब्ध दिसल्याशिवाय एकाचेही पैसे भरू नका. शिवाय २०१४ पासून ही कथा ‘लेजंड्स’मध्ये, म्हणजे अधिकृत कथानकाबाहेर गेली, त्यामुळे मार्व्हलच्या आजच्या मालिकांशी तिचा धागा जुळत नाही.

बाउंटी हंटर्सच्या बाबतीत फसगत निराळी. मुख्य पुस्तकाचं जे नाव, तेच नाव चारही मालिकांच्या खंडांवर मोठ्या अक्षरांत छापलंय. मुख्य कथा समजून डॉक्टर आफ्राचा खंड घरी येतो. त्यामुळे मुखपृष्ठ बघून मागवू नये. माहितीत ‘अल्फा आणि १ ते ५’ असे अंक दिलेत का ते वाचावं, मगच बटण दाबावं.