तोस्का की रिगोलेत्तो? झुबिन मेहतांच्या दोन चित्रित ऑपेरांपैकी आधी कोणता

दोन्हींमागची माणसं बहुतांशी तीच, म्हणून निवड अवघड होते. निर्माता आंद्रेआ आंदेरमान, छायाचित्रण तीन ऑस्कर मिळवलेल्या व्हित्तोरिओ स्तोरारोचं, वाद्यवृंद संचालक मूळचे मुंबईचे झुबिन मेहता, आणि गायकांत प्लासिदो दोमिंगो व रुज्जेरो राइमोंदी. जुलै १९९२ मध्ये रोमला ‘तोस्का’, सप्टेंबर २०१० मध्ये इटलीतल्याच मांतुआला ‘रिगोलेत्तो’. कल्पनाही तीच: कथा ज्या वास्तूत घडते तिथंच गायचं, अंक ज्या प्रहरी घडतो त्याच प्रहरी, आणि सगळं थेट प्रक्षेपित. ‘तोस्का’चा संगीतकार पुच्चिनी आणि ‘रिगोलेत्तो’चा व्हेर्दी यांच्यात डावं-उजवं करायचा इथं हेतू नाही. दोन्ही ऑपेरांची गोष्ट ठाऊक आहे आणि यातली एकच डिस्क आधी घ्यायची आहे, अशांसाठी हे टिपण.

आधी मेहतांबद्दल, कारण बरेच जण त्यांच्यासाठीच या डिस्क शोधतात. घटनास्थळी ते नाहीत. ‘तोस्का’त गायक चर्चमध्ये, तर वाद्यवृंद रोममधल्याच राय या नभोवाणी संस्थेच्या सभागृहात. ‘रिगोलेत्तो’त वाद्यवृंद मांतुआच्या तेआत्रो बिब्येनात बसला होता. १७७० मध्ये तेरा वर्षांचा मोझार्ट जिथे वाजवून गेला, तेच हे छोटं नाट्यगृह. गायकांना मेहतांचे हात दिसतात ते कॅमेऱ्याच्या नजरेआड ठेवलेल्या मॉनिटरवर, आणि मेहतांना गायक दिसतात तेही पडद्यावरच.

या व्यवस्थेत चित्र आड येत नाही, आवाज येतो. चित्र तारेतून जवळजवळ तत्काळ पोचतं, पण हवेतून जाणाऱ्या आवाजाला तीस मीटरसाठी एक दशांश सेकंद लागतो. एकच मोठा कर्णा लावला तर त्याच्यापासून लांब उभा असलेला गायक तेवढा मागे पडणार, आणि मिरवणुकीतून चालत येणारं वृंदगान तर दर पावलागणिक वेगळ्या अंतरावर. म्हणून वाद्यांचा आवाज प्रत्येकाच्या जवळ आणून सोडावा लागतो. ‘तोस्का’च्या पहिल्या अंकाच्या शेवटी ‘ते देउम’ हे चर्चमधलं लॅटिन स्तोत्र आहे: दोन घंटा आलटूनपालटून, तोफेचे बार, भरलेलं चर्च, आणि त्या सगळ्यावरून पोलीसप्रमुख स्कार्पियाची वासना. तालाचा घोटाळा व्हायचाच तर तो इथं. माझ्या कानांना तो कुठे जाणवत नाही. मेहता तिथं लय जराही ओढत नाहीत, आणि दूर बसून हे करणं सोपं नसावं.

जागेचं मोल मात्र दोन्हीकडे सारखं नाही. ‘तोस्का’ रोमशिवाय होतच नाही. कथा १७ जून १८०० ची, नेपोलियनच्या मारेंगोच्या लढाईची बातमी शहरात पोचते त्या दिवसाची. दुपारी सान्तांद्रेआ देल्ला व्हाल्ले चर्च, रात्री फार्नेसे राजवाडा, पहाटे सान्तांजेलोचा किल्ला: सगळं एका दिवस-रात्रीत. पुच्चिनीनं पहाटे किल्ल्यावर जाऊन आजूबाजूच्या चर्चच्या घंटा कोणत्या सुरात वाजतात ते ऐकलं आणि स्वरलिपीत उतरवलं. तिसऱ्या अंकाच्या आरंभी मेंढपाळ मुलगा गातो तेही रोमच्या बोलीत. म्हणजे घड्याळ आणि नकाशा संगीतातच आहेत, निर्मात्याला ते फक्त पाळायचे होते.

त्यातही एक फट राहिली आहे. संहितेत तिसरा अंक चांदण्या रात्री सुरू होतो आणि हळूहळू उजाडतं. प्रक्षेपण सकाळी सहाच्या सुमाराचं, आणि जुलैच्या मध्याला रोममध्ये सूर्य पावणेसहालाच उगवतो. तोस्काचा प्रियकर काव्हारादोस्सी ताऱ्यांचं गाणं गातो ते उजाडलेल्या आकाशाखाली. गाणं आठवणीतल्या ताऱ्यांचं असल्यानं निभावून जातं, पण तास-दीड तास आधी सुरू केलं असतं तर बरं झालं असतं.

‘रिगोलेत्तो’चं प्रकरण वेगळं. मूळ फ्रेंच लेखक ह्यूगोचं नाटक फ्रान्सच्या राजाच्या दरबारातलं. १८५१ मध्ये व्हेनिसला ऑस्ट्रियन सेन्सॉरच्या धास्तीनं राजाचा ड्यूक झाला आणि पॅरिसचं मांतुआ. म्हणजे हे गाव मुळात पळवाट म्हणून आलेलं. ते देखणं आहे यात वाद नाही. तिथल्या गोंझागा या राजघराण्यानं चैनीसाठी बांधलेला ‘पालाझ्झो ते’ हा राजवाडा आणि त्यातली जूल्यो रोमानोची भित्तिचित्रं पाहून असला दरबार इथंच भरत असेल असं वाटतं. पण संगीत त्या भिंतींकडे काही मागत नाही. वेळेचा दावाही टिकत नाही. दुसरा अंक रविवारी दुपारी, तिसरा त्याच रात्री, आणि तिसऱ्या अंकात रिगोलेत्तो स्वतःच गातो की या सूडाची तो तीस दिवस वाट पाहतोय.

एवढ्यावरून मी ‘रिगोलेत्तो’ मागे ठेवला नसता. माझं पारडं फिरवणारी गोष्ट दुसरीच आहे. रिगोलेत्तोची भूमिका बॅरिटोनची, म्हणजे पुरुषाच्या मधल्या, जड आवाजाची, आणि दोमिंगो जन्माचा टेनर, म्हणजे पुरुषाचा उंच आवाज. १९९२ मध्ये एक्कावन्नाव्या वर्षी तो काव्हारादोस्सी होता, म्हणजे स्वतःच्या घरात. २०१० मध्ये एकोणसत्तराव्या वर्षी तो खालच्या पट्टीतले स्वर लावतो, चुकत नाही, अभिनय तर मन लावून करतो. पण स्वर खाली उतरले म्हणून आवाजाचा रंग बदलत नाही. तिसऱ्या अंकातली चौकडी, म्हणजे चौघांचं एकत्र गाणं, लावून पाहा. व्हेर्दीनं चार माणसांना चार पोत दिले आहेत: ड्यूक टेनर, मादालेना कॉन्ट्राल्टो (स्त्रीचा खालचा आवाज), मुलगी जिल्दा सोप्रानो (स्त्रीचा उंच आवाज), आणि या सगळ्यांच्या तळाशी बापाचा जड बॅरिटोन. इथं वित्तोरिओ ग्रिगोलोचा तरुण टेनर आणि दोमिंगोचा वयस्क टेनर एकमेकांत मिसळतात, आणि चौकडीचा तळच निसटतो. चित्रात भिंतीच्या कोणत्या बाजूला कोण आहे ते कळतं, कानाला कळत नाही. एकदा हे खुपलं की प्रत्येक प्रवेशात खुपतं.

याउलट पहिल्या अंकात, मारेकरी स्पाराफुचिले रस्त्यात भेटतो तेव्हा राइमोंदीचा खरा बास, म्हणजे पुरुषाचा सर्वांत खालचा आवाज, समोर असल्यानं तफावत छान राहते, आणि खालून चेलो व डबल बासची ती दबकी धून. तेवढ्यासाठी का होईना, डिस्क कधीतरी पाहावीच. वादळात पडद्यामागचे पुरुष ओठ मिटून वाऱ्याचा आवाज काढतात, तेही सुरेख उतरलंय. दोमिंगोवर ज्यांचं मनापासून प्रेम आहे त्यांना माझी तक्रार क्षुल्लक वाटेल, आणि ‘रिगोलेत्तो’चा दिग्दर्शक मार्को बेल्लोक्यो मुळात चित्रपटांचा असल्यानं बाप-लेकीचे प्रवेश ‘तोस्का’पेक्षा जास्त मोकळे आहेत, हेही खरं.

तोस्काच्या भूमिकेतली कॅथरीन माल्फितानो वरच्या पट्टीत अधूनमधून टोचते. पण दुसऱ्या अंकात टेबलावरच्या सुरीकडे तिची नजर जाते ती पाहण्यासारखी आहे. राइमोंदीचा स्कार्पिया ओरडत नाही, म्हणून जास्त भीतिदायक. समोर प्रेक्षक नसल्यानं मोठ्या गाण्यांनंतर टाळ्या नाहीत, वन्स मोअर नाही, नाटक थांबत नाही. संगीत नाटकांची सवय असलेल्यांना सुरुवातीला चुकल्यासारखं होईल.

त्याच रोममधल्या त्याच वास्तूंत, त्याच दोमिंगोला घेऊन १९७६ मध्येही ‘तोस्का’ चित्रित झाला होता. संचालक ब्रूनो बार्तोलेत्ती, तोस्का राइना काबाइवान्स्का. तिचं गाणं मला माल्फितानोपेक्षा आवडतं. पण तो प्लेबॅकचा सिनेमा आहे. हिंदी चित्रपटांवर वाढलेल्यांना ओठ आणि आवाजातलं अंतर चालून जाईल, मात्र चर्चमध्ये उभा असलेला माणूस स्टुडिओतल्या आवाजात गातोय हे लपत नाही.

आंदेरमान-मेहता जोडीचा २००० चा पॅरिसमधला ‘ला त्राव्हिआता’ मी या शर्यतीत धरलेला नाही. त्याच्या कथेत महिनेच्या महिने उलटतात, दोन दिवसांत ती उरकण्याला फारसा अर्थ नाही.

‘तोस्का’ घेतलात तर तिन्ही अंक सलग पाहू नका. पहिला दुपारी, दुसरा जेवणानंतर दिवे मालवून, तिसरा दुसऱ्या दिवशी पहाटे. तिसऱ्यासाठी हेडफोन हवेतच, कारण सुरुवातीच्या घंटा लांबून, वेगवेगळ्या दिशांनी येतात आणि टीव्हीच्या स्पीकरवर त्यांचा नुसता गलका होतो. आणि मेहतांना काम करताना बघायचं असेल तर या दोन्हींऐवजी ॲलन मिलरचा ‘द तुरांदोत प्रोजेक्ट’ हा माहितीपट पाहा. १९९८ मध्ये बीजिंगच्या निषिद्ध नगरीला लागून असलेल्या राजघराण्याच्या पूर्वजमंदिरात, चिनी चित्रपट दिग्दर्शक झांग यिमोच्या दिग्दर्शनाखाली पुच्चिनीचा ‘तुरांदोत’ कसा उभा राहिला त्याची ती हकिकत. तालमींतले मेहता तिथं मनसोक्त दिसतात.