डबीवर जीपीएस लिहिलं होतं, आत नव्हतं

मी निफाड तालुक्यातला. कांदा-द्राक्षं वाहायला पिकअप आहे, हप्ते अजून फिटायचेत. चोरीच्या भीतीने नाशिकच्या एका दुकानातून ३,२०० रुपयांना जीपीएस ट्रॅकर, म्हणजे गाडी कुठे आहे ते मोबाइलवर दाखवणारी डबी, बसवून घेतला. सिमचे वर्षाचे १,२०० वेगळे. पावती कच्ची.

चार महिने मोबाइलवर ठिपका दिसायचा. कधी गाडी गोदावरीच्या पात्रात, कधी शेजारच्या गावात. विचारलं की दुकानदार म्हणायचा, "नेटवर्कमुळे होतं भाऊ, होईल नीट."

एका पहाटे अंगणातून गाडीच गेली. ठिपका चांदोरीजवळ. आम्ही चौघे दोन मोटारसायकलींवर निघालो आणि उसातून, बागांच्या बांधावरून तीन तास फिरलो. ठिपका मध्येच दोन किलोमीटर पलीकडे उडायचा, परत जागेवर यायचा. मग तोही बंद झाला. तिसऱ्या दिवशी पोलिसांना गाडी सिन्नरच्या रस्त्याला सापडली. बॅटरी, स्टेपनी, चारही टायर गेलेले. ट्रॅकर मात्र डॅशबोर्डखाली तसाच.

भाचा मोबाइल दुरुस्त करतो. त्याने स्टिकरखालचा स्क्रू काढून डबी उघडली, टॉर्चच्या उजेडात धरली आणि म्हणाला, "मामा, यात जीपीएसच नाही."

हिरव्या बोर्डवर एक चौकोन छापलेला, त्यावर जीपीएस अशी अक्षरं. चौकोनात काहीच नाही; सोल्डरिंगच्या जागा कोऱ्या, चकाकत होत्या. तिथे चिनी मातीच्या वडीसारखा चौकोनी अँटेना लागतो. काही ट्रॅकरना तो वायरने बाहेर जोडतात, पण इथे वायरही नव्हती. होतं ते मोबाइलचं मॉड्यूल, सिमचा खाचा आणि टॉवरसाठी तांब्याची छोटी स्प्रिंग. खोक्यावर १,००० एमएएचची बॅटरी छापली होती, आत तिचा कनेक्टर रिकामा. चोरांनी गाडीची बॅटरी काढली तेव्हाच ठिपका मेला असणार.

मग चार महिने दिसत होतं ते काय? जवळच्या मोबाइल टॉवरचा नंबर. डबी तो नंबर पाठवायची आणि तिकडून टॉवरवरून अंदाजे जागा काढली जायची. शहरात टॉवर दाट असल्याने चूक काहीशे मीटरची, म्हणून दुकानासमोर दाखवताना सगळं बरोबर वाटलं. आमच्याकडे टॉवर लांब लांब, चूक किलोमीटरमध्ये. खरा जीपीएस सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे सिग्नल घेतो. जागा ठरवायला निदान चार उपग्रह लागतात.

दुकानदाराकडे उघडी डबी घेऊन गेलो. "ॲपवर गाडी दिसत होती ना?" एवढंच म्हणाला. पैसे दिले नाहीत.

तुम्ही घेणार असाल तर पैसे देण्याआधी गाडी गावाबाहेर मोकळ्या रानात न्या. ॲपवर किती उपग्रह लागलेत ते पाहा. तो आकडाच नसेल तर तिथेच थांबा. शंभर पावलं गाडी हलवून ठिपका हलतो का बघा. मग गाडीच्या बॅटरीचा टर्मिनल काढा: ट्रॅकर चालू राहिला पाहिजे आणि वीज तुटल्याचा मेसेज आला पाहिजे. दुकानदार कुरकुरला तरी हे करून घ्या. आणि पक्कं बिल घ्या, त्यावर ट्रॅकरचा आयएमईआय नंबर, म्हणजे त्या डबीचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहून घ्या. मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन लावला तेव्हा पहिल्यांदा बिलाचंच विचारलं, आणि माझ्याकडे ती चिठ्ठी होती, दुकानाचं नावसुद्धा नसलेली.