जुन्या संगणकात हार्ड डिस्कच्या जागी मेमरी कार्ड : निवड करण्यापूर्वी

आयडीई जोडणीच्या (डिस्क रुंद, चपट्या केबलने जोडण्याची जुनी पद्धत) जुन्या संगणकातील हार्ड डिस्क खरखरू लागली की दुसरी जुनी डिस्क शोधावी, कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड (कॅमेऱ्यांत वापरले जाणारे एक मेमरी कार्ड) बसवावे की अडॅप्टर लावून एमसाटा एसएसडी (फिरते भाग नसलेली, फ्लॅश मेमरीची छोटी डिस्क) जोडावी, असा प्रश्न पडतो. अशा वेळी बहुतेकांचे लक्ष वेगाच्या आकड्यांकडे जाते. माझ्या मते मात्र त्या संगणकावर रोज किती माहिती लिहिली जाणार आहे, हे आधी पाहावे.

सॅनडिस्कने १९९४ मध्ये आणलेल्या कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाला आयडीई पद्धतीने काम करण्याची सोय मुळातच आहे, त्यामुळे त्याच्या ५० पिना ४० किंवा ४४ पिनांच्या जोडणीशी जुळवणारा अडॅप्टर म्हणजे जवळजवळ निव्वळ तारांची मांडणी असते. एसडी कार्डासाठी मात्र संकेतांचे रूपांतर करणारी स्वतंत्र चिप लागते आणि सुसंगततेच्या तक्रारी बहुधा तिथूनच सुरू होतात. लॅपटॉपच्या ४४ पिनांमधून वीजही मिळते. डेस्कटॉपच्या ४० पिनांच्या केबलवर ती सहसा वेगळी द्यावी लागते.

वाचनात कार्ड सरस ठरते. फिरत्या डिस्कला माहितीच्या जागी पोहोचायला साधारण १० ते २० मिलिसेकंद लागतात, तर कार्डाला एकाहूनही कमी. शिवाय आवाज नाही, उष्णता नगण्य आणि धक्क्याचे भय नाही. लिहिताना चित्र पालटते. फ्लॅश मेमरी मोठ्या ठोकळ्यांनीच पुसली जाते, म्हणून विखुरलेल्या लहान नोंदी करताना साधे कार्ड अडखळते आणि झिजतेही. डॉस किंवा विंडोज ९८ वर जुने खेळ चालवणाऱ्याला हे क्वचितच जाणवेल. विंडोज एक्सपी मात्र पेजफाइल (मेमरी अपुरी पडल्यास वापरायची डिस्कवरील फाइल) आणि नोंदी सतत लिहीत राहते, त्यामुळे तिथे संगणक मध्येच काही क्षण गोठल्यासारखा होतो. त्यात कार्डाने स्वतःची ओळख ‘काढता येणारे माध्यम’ अशी दिली, तर एक्सपी त्यावरचे एकच विभाजन (पार्टिशन) ओळखते. औद्योगिक वापराची कार्डे साधारणपणे स्थिर डिस्क म्हणून ओळख देतात आणि अधिक टिकतात, पण ती महाग असतात.

एमसाटा एसएसडीचा नियंत्रक (तिचे वाचन-लेखन सांभाळणारी चिप) अशा लिखाणासाठीच घडवलेला असतो, म्हणून रोजच्या वापराच्या एक्सपी किंवा लिनक्स लॅपटॉपमध्ये मी तीच बसवीन. तिची खरी अडचण क्षमतेची आहे, कारण जुन्या बायोसना (संगणक सुरू होताना डिस्क ओळखणारी मूळ प्रणाली) ५०४ मेबिबाइट, ८.४ जीबी किंवा सुमारे ३४ जीबीपलीकडचे दिसत नाही आणि काही तर मोठी डिस्क पाहून सुरूच होत नाहीत. मर्यादा ८.४ जीबी किंवा त्याहून मोठी असेल, तर तिथे ४ किंवा ८ जीबीचे कार्ड सहज खपून जाते. दुसरी जुनी हार्ड डिस्क घेण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. तिचेही वय झालेलेच असते.

कार्डाची आणखी एक सोय मला वेगापेक्षा मोलाची वाटते : ते काढून रीडरमध्ये घातले की संपूर्ण प्रणालीची प्रत दुसऱ्या संगणकावर ठेवता येते. संगणक चालू असताना मात्र ते ओढून काढू नये, आणि डॉससाठी विभाजन व फॉरमॅट त्याच जुन्या संगणकावर करावे. रीडरवर तयार केलेले कार्ड डिस्कच्या रचनेचे (सिलिंडर, हेड, सेक्टर यांचे) हिशेब जुन्या बायोसशी जुळले नाहीत तर सुरू होत नाही.