पूर्ण सामान लावलेली जुनी हिमालयन

जुनी टूरिंग बाइक शोधणाऱ्यांसाठी, त्यातही स्पिती-लडाख डोक्यात असणाऱ्यांसाठी हे लिहितोय. पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरने मला रॉयल एनफील्डची हिमालयन 411 विकली आणि व्यवस्थित गंडवलं. प्रकरण चालू आहे, म्हणून त्याचं नाव देत नाही.

गाडीची निवड चुकीची नव्हती, आजही तीच घेईन. ग्राम्फूवरून स्पितीतल्या काझाला जायचं तर बातलपर्यंत नुसते गोटे आणि नाले. दुपारी बर्फ वितळलं की त्याच नाल्यांना पाणी चढतं. तिथे 24 हॉर्सपॉवर भरपूर झाली. लागतं ते पुढचं 21 इंची चाक, 220 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स आणि सामान लादल्यावर न कुरकुरणारी गाडी. हीरोच्या एक्सपल्सची उंची आणि पुढचं चाक असंच, पण टाकी 13 लिटरची, हिमालयनची 15. नवी हिमालयन 450 बजेटबाहेर.

हे डीलर लोक पहिल्याच फोनवर विचारतात, "कुठे जाणार साहेब?" स्पिती म्हटलं की गाडी लगेच स्पितीसाठीच तयार केलेली निघते. माझ्यासमोर आली ती नवरीसारखी नटून: नवे क्रॅशगार्ड, टाकीच्या बाजूच्या नव्या दांड्या, हँडगार्ड, फॉगलाइट, मागे बॅगा अडकवायचे स्टे. "मालक आयटीवाले. लेहसाठी सगळं लावलं आणि कंपनीने अमेरिकेला पाठवलं. गाडी बिल्डिंगखाली उभीच होती." मीटरवर सोळा हजार. शिवाय संध्याकाळी दुसरी पार्टी येणार होतीच, ती नेहमीच येणार असते, त्यामुळे टोकन लगेच हवं.

खरी मेख त्या सजावटीत होती. हिमालयन आडवी पडली की टाकीच्या बाजूच्या दांड्या आधी मार खातात. पाच वर्षांच्या गाडीवर त्या कोऱ्या करकरीत दिसल्या, तर जुन्या कुठे गेल्या हे विचारा. दोन-तीन हजारांच्या लोखंडात बराच इतिहास झाकता येतो, वर "एवढं सामान फुकट मिळतंय" असं गिऱ्हाइकालाही वाटतं.

निघण्याआधी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. आधीच्या मालकाच्या शेवटच्या सर्व्हिसला किलोमीटर अडतीस हजारांच्या पुढे! मीटरचा सेटच बदललेला. मग मेकॅनिकने गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी केलं आणि हँडल माझ्या हातात दिलं. डावीउजवीकडे सावकाश फिरवताना ते बरोबर मधोमध येऊन टक् करून बसत होतं. हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं त्या कोनसेटला खड्डे. टॉर्च मारून त्याने हँडलखालचा स्टॉपर दाखवला. हँडल पूर्ण वळलं की टी, म्हणजे पुढचे शॉकअप धरणारा भाग, जिथे टेकते तो लोखंडी तुकडा चेपून एका अंगाला वाकला होता आणि वरून काळा रंग मारलेला. "समोरून ठोकलीय दादा, नुसती पडलेली नाही." शॉकअपचे पाइप काढून त्याने काचेवर लोळवले. एक सरळ गेला, दुसरा डुगडुगत.

डीलरचं उत्तर ठरलेलं: "जुनी गाडी आहे साहेब, आम्ही काय कंपनी आहोत का?" आणि पावतीवरच्या छापील ओळीवर बोट: गाडी आहे त्या स्थितीत पाहून घेतली.

तेव्हा टोकन देण्याआधी गाडीचा नंबर सर्व्हिस सेंटरला देऊन जुन्या नोंदी विचारा. काही ठिकाणी आढेवेढे घेतात, मग मालकालाच बरोबर न्या. मालक भेटूच देत नसतील तर तिथूनच परत फिरा. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर कर्जाचा बोजा बघा, गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वरच्या सह्या आरसीवरच्या मालकाच्याच आहेत ना ते बघा. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं. ते मागितल्यावर माझ्या डीलरने चहा मागवला, प्रमाणपत्र काही निघालं नाही. आणि टेस्ट राइड सोसायटीच्या गुळगुळीत डांबरावर घेऊ नका, खडीवर घ्या.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून झाली, आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज आहे. 'आहे त्या स्थितीत' ही ओळ ते पुढे करणारच. पण डिलिव्हरीच्या दिवशी त्यांच्याच पोराने त्याच पावतीवर मीटरचा आकडा पेनाने लिहून खाली दुकानाचा शिक्का मारला होता. सर्व्हिस सेंटरच्या नोंदीशेजारी तीच पावती जोडली आहे.