रायझन ५ ७६०० : बाकीच्या भागांचाही खर्च आवरणारा प्रोसेसर

गेमिंगसाठी पीसी जुळवायला घेणारा माणूस बहुधा प्रोसेसरपासून सुरुवात करतो आणि तिथेच बजेटचा मोठा लचका तोडून बसतो. एएमडीचा रायझन ५ ७६०० हा या सवयीवरचा चांगला उतारा आहे, असे माझे मत आहे. जानेवारी २०२३ मध्ये २२९ डॉलर या किमतीला जाहीर झालेल्या या प्रोसेसरमध्ये ६ कोअर (गणना करणारे भाग), १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे), ३२ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) आणि ५.१ गिगाहर्ट्‌झपर्यंतचा वेग आहे. हे आकडे कोणाचे डोळे दिपवणारे नाहीत. त्यानंतर एएमडीची पुढची, झेन ५ ही पिढी आली, जादा कॅशेच्या एक्स३डी प्रोसेसरांनी गेमिंगच्या चाचण्यांमधली वरची जागा पटकावली, तरीही मध्यम बजेटमध्ये पीसी असेंबल करू पाहणाऱ्याने यादीची सुरुवात याच प्रोसेसरने करावी असे मला वाटते, कारण त्याच्या मागण्या फार कमी आहेत आणि त्यामुळे वाचलेला प्रत्येक रुपया ग्राफिक्स कार्डाकडे वळवता येतो.

त्याच्याच घरातल्या ७६००एक्सशी तुलना केली की हे स्पष्ट होते. दोन्हींमध्ये कोअर तितकेच आणि कॅशेही तितकीच आहे. एक्सचा वेग ५.३ गिगाहर्ट्‌झपर्यंत जातो, पण त्यासाठी तो १४२ वॅटपर्यंत वीज खेचू शकतो आणि त्याच्या खोक्यात कूलर मिळत नाही. ७६०० ची मर्यादा ८८ वॅटवर आखलेली आहे आणि रेथ स्टेल्थ हा कूलर त्याच्यासोबतच येतो. गेम खेळताना या दोघांतला फरक फ्रेम मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला दिसतो, खेळणाऱ्याला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेला ९६००एक्स याहून थोडा वेगवान आहे, परंतु त्याच्याबरोबरही कूलर येत नाही, आणि मध्यम दर्जाच्या ग्राफिक्स कार्डाबरोबर ती आघाडी जवळजवळ दिसेनाशी होते.

सोबत मिळणाऱ्या कूलरविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे. तो चार स्प्रिंगच्या स्क्रूंनी बसतो आणि त्यासाठी मदरबोर्डावरची प्लॅस्टिकची दोन ब्रॅकेट आधी काढावी लागतात. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटच्या (प्रोसेसर बसवायच्या जागेच्या) बोर्डावर ही ब्रॅकेट काढली की मागची धातूची पट्टी सुटून खाली पडत असे. ७६०० ज्यात बसतो त्या एएम५ बोर्डात ती सॉकेटलाच जखडलेली असते, त्यामुळे एकट्याने काम करणाऱ्याची मोठी सोय झाली आहे. स्क्रू आळीपाळीने, कर्णरेषेत, थोडे थोडे करून आवळावेत. थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) कूलरच्या तळाला आधीच लावलेली असते, तेव्हा तिच्यावर आणखी पेस्ट थापण्याचे कारण नाही. प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाला कडेने खाचा आहेत आणि जास्तीची पेस्ट नेमकी त्या खाचांमध्ये जाऊन बसते. पिना आता प्रोसेसरला नसून बोर्डावरच्या सॉकेटमध्ये आहेत, त्यामुळे सॉकेटवरचे झाकण प्रोसेसर हातात तयार असल्याखेरीज उघडू नये.

हा कूलर पुरेसा आहे का? पुण्यात किंवा नाशकात, पंखा सुरू असलेल्या खोलीत गेम खेळण्यापुरता तो पुरतो. नागपूर-अकोल्याकडच्या मे महिन्यात, दुपारी पाराच ४५ अंशांना टेकलेला असताना, तो प्रोसेसर जळू देणार नाही, कारण ९५ अंशांच्या मर्यादेजवळ प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो. परंतु छोट्या पंख्याचा आवाज हेडफोन लावूनही ऐकू येईल. अशा ठिकाणी डीपकूल एके४०० सारखा १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर घ्यावा. त्याची उंची १५५ मिलिमीटर आहे, हे कॅबिनेट निवडण्यापूर्वी लक्षात ठेवावे. पाण्यावर चालणारे कूलर या प्रोसेसरसाठी घेणे म्हणजे पैसे शोभेवर घालवणे आहे.

मदरबोर्डाच्या बाबतीत ए६२० चिपसेटचा (बोर्डाच्या सोयी ठरवणाऱ्या चिपचा) स्वस्त बोर्डही ७६०० ला चालवू शकतो, पण तिथे हात आखडता घेऊ नये असे मी सुचवेन. एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही पाठबळ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे, म्हणजे हाच बोर्ड ठेवून काही वर्षांनी ८ कोअरचा एक्स३डी प्रोसेसर बसवता येईल. त्या प्रोसेसरांचा टीडीपी (उष्णतेचा अंदाजी आकडा) १२० वॅटचा असतो, आणि काही स्वस्त ए६२० बोर्डांचे व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) तेवढ्या भारासाठी बनवलेले नसते. व्हीआरएमवर हीटसिंक असलेला, मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचे (प्रोसेसर न बसवताही बोर्डाचे सॉफ्टवेअर अद्ययावत करणारे) बटण असलेला बी६५० किंवा बी८५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स बोर्ड योग्य ठरतो. एक्स६७० आणि एक्स८७० बोर्डांवरचे जादा पोर्ट गेम खेळणाऱ्याच्या उपयोगाचे क्वचितच असतात.

आता ग्राफिक्स कार्ड. गेमिंग पीसीच्या एकूण खर्चाचा सर्वांत मोठा वाटा इथेच जायला हवा, आणि नेमकी इथेच खरेदीदाराची दिशाभूल होते. एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० टीआय हे कार्ड एप्रिल २०२५ मध्ये आणि एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी हे जून २०२५ मध्ये आले. दोन्ही ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत, एकाच नावाने विकली जातात. खोक्यावरचे चित्र तेच, पंखे तेच, आणि मेमरीचा आकडा कोपऱ्यात बारीक अक्षरांत. जाहीर झालेल्या किमतींत दोन रूपांमधला फरक दोन्ही कंपन्यांच्या बाबतीत ५० डॉलरचा होता. हे ५० डॉलर वाचवणे मला अजिबात पटत नाही. नव्या मोठ्या गेममध्ये टेक्स्चर (पृष्ठभागांवरची चित्रे) वरच्या पातळीवर ठेवले की ८ जीबी मेमरी भरते आणि कार्डाला पीसीआय एक्स्प्रेस या बोर्डावरच्या जोडणीच्या वाटेने संगणकाच्या रॅममधून माहिती आणावी लागते. सरासरी फ्रेमचा आकडा तरीही चांगला दिसू शकतो. प्रत्यक्षात मात्र वळणावर गाडी वळवताना चित्र क्षणभर अडते, किंवा काही गेम स्वतःहून टेक्स्चर उतरवतात आणि समोरची भिंत चिखलाने सारवल्यासारखी दिसते. निव्वळ व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याला ८ जीबी पुरतात, हे खरे. सायबरपंक २०७७ सारखे गेम १४४०पी या रिझोल्यूशनवर खेळायचे असतील तर १६ जीबीच घ्यावेत.

या दोन कार्डांपैकी कोणते, याचे उत्तर माणसागणिक बदलते. ९०६० एक्सटी चे १६ जीबी रूप ३४९ डॉलरला, तर ५०६० टीआय चे ४२९ डॉलरला जाहीर झाले होते, आणि नुसत्या गेमिंगसाठी मला पहिल्याचा हिशेब अधिक पटतो. मात्र एनव्हिडियाचे डीएलएसएस (एआयच्या मदतीने फ्रेम वाढवणारे तंत्र) अधिक गेममध्ये मिळते, आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला किंवा क्यूडा या एनव्हिडियाच्या प्रणालीवर चालणारी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या विद्यार्थ्याला एनव्हिडियाचेच कार्ड सोयीचे पडते. ७६०० या दोन्ही कार्डांना १४४०पी वर मागे खेचत नाही. १०८०पी वर, सगळी सेटिंग्ज खाली ठेवून, २४० हर्ट्‌झच्या मॉनिटरवर स्पर्धात्मक गेम खेळणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना ९६ एमबी कॅशेच्या ७८००एक्स३डी चा फरक खरोखर जाणवेल.

रॅम हा या प्रोसेसरचा एकमेव दुखरा भाग आहे, आणि त्यात त्याचा दोष नाही. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीच्या किमती झपाट्याने चढल्या; डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने क्रुशियल या नावाने ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. ३२ जीबीचा संच प्रोसेसरपेक्षा महाग पडावा, अशी विचित्र वेळ त्यामुळे आली. किमती ठीक असतील तर १६ जीबीच्या दोन स्टिकचा, ६००० वेगाचा आणि सीएल३० टायमिंगचा (प्रतिसादाचा विलंब दाखवणारा आकडा), एक्स्पो प्रोफाइल (हा वेग बोर्डात एका निवडीने लागू करणारी नोंद) असलेला संच हीच या प्रोसेसरसाठी सर्वांत योग्य निवड आहे. हात तंग असेल तर मी ८ जीबीच्या दोन स्टिकऐवजी १६ जीबीची एकच स्टिक घेऊन त्याच मॉडेलची दुसरी पुढे घ्यायला सांगेन. तोवर सिंगल चॅनलमुळे (मेमरीचा एकच मार्ग वापरात असल्यामुळे) काही फ्रेम जातील, पण पुढे काही फेकावे लागणार नाही. दोन स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावाव्यात. चारही स्लॉट भरण्याचा मोह टाळावा, कारण चार स्टिक लावल्यावर एएमडीने मान्य केलेला वेग ५२०० वरून ३६०० वर येतो. पहिल्यांदा बटण दाबल्यावर बोर्ड मेमरीची जुळवणी करत असतो आणि पडदा मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ, काळाच राहतो. नवखे लोक याच वेळी घाबरून वीज बंद करतात आणि मग ती जुळवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

एसएमपीएसचा (पीसीच्या भागांना वीज पुरवणाऱ्या युनिटचा) हिशेब सरळ आहे. प्रोसेसरचे ८८ वॅट, ९०६० एक्सटी चे सुमारे १६० आणि बाकीचे सगळे मिळून ७०-८० धरले तरी भार ३३० वॅटच्या आसपास राहतो, म्हणजे चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा ८० प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेचा दर्जा) पुरतो आणि पुढे मोठे कार्ड घ्यायचे असेल तर ६५० चा घ्यावा. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस कितीही वॅटचा लिहिलेला असो, वापरू नये. आपल्याकडे यूपीएसचा विचार याच वेळी करावा लागतो: दुकानात सर्रास दिला जाणारा ६०० व्हीएचा यूपीएस सहसा ३६० वॅटच झेपवतो, आणि गेम ऐन रंगात असताना वीज गेली तर पीसी आणि मॉनिटर मिळून त्याला भारी पडतात. १००० व्हीए किंवा त्याहून मोठा घ्यावा.

एसएसडीवर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. पीसीआय एक्स्प्रेस ४.० ची, १ टीबीची, डब्ल्यूडी ब्लॅक एसएन७७० च्या तोडीची कोणतीही एनव्हीएमई (बोर्डावर थेट बसणारी एसएसडी) घ्यावी. जनरेशन ५ च्या महागड्या ड्राइव्हने गेम डोळ्यांत भरण्याइतके लवकर उघडत नाहीत. कॅबिनेट पुढून जाळीचे असावे. काचेची पुढची बाजू आणि रंगीत दिवे असलेली कॅबिनेट मांडणीत सुंदर दिसतात, पण आपल्या हवेत ती आतल्या भागांना उकडून काढतात.

खरेदी मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर करा, पुण्यात तपकीर गल्लीत करा किंवा ऑनलाइन करा, ७६०० घेताना तो खोक्यातला आहे की ट्रेमधला (खोक्याविना सुटा), हे आधी विचारावे. ट्रेचा प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण खोक्यातल्या प्रोसेसरवरची एएमडीची ३ वर्षांची वॉरंटी त्याला लागू होत नाही, जबाबदारी विकणाऱ्यापुरती राहते आणि कूलरही बहुधा मिळत नाही. प्रत्येक भागाचा सीरियल नंबर जीएसटीच्या बिलावर लिहून घ्यावा. दुकानदार ७५००एफ हा पर्याय हमखास पुढे करतो. गेमसाठी तो जवळजवळ तितकाच चांगला आहे, मात्र त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही. ७६०० मधले ग्राफिक्स गेम खेळण्याच्या लायकीचे नसले तरी कार्ड बिघडून वॉरंटीसाठी सर्व्हिस सेंटरला गेले की, ते परत येईपर्यंत बोर्डाच्या एचडीएमआय पोर्टावर पीसी चालू राहतो. ज्याच्या घरात त्याच पीसीवर अभ्यास किंवा ऑफिसचे कामही होते, त्याने या सोयीसाठी थोडे जास्त पैसे खुशाल द्यावेत.

ज्यांच्याकडे बी४५० किंवा बी५५० चा एएम४ बोर्ड आणि डीडीआर४ रॅम आधीपासून आहे, त्यांनी मात्र सध्याच्या मेमरीच्या किमतींत ७६०० च्या वाटेला जाऊ नये. बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर रायझन ७ ५७००एक्स बसवावा आणि उरलेले पैसे १६ जीबीच्या कार्डात घालावेत. बोर्ड बी४५० चा असेल तर कार्ड ९०६० एक्सटी घेणे बरे, कारण त्या बोर्डावर पीसीआय एक्स्प्रेस ३.० च मिळते, आणि ९०६० एक्सटी त्याच्या सर्व १६ लेन (माहिती जाण्याच्या वाटा) वापरते, तर ५०६० टीआय फक्त ८.